कॅप्टनच्या मागावर

फेब्रुवारी सरायला लागला की कोलकात्यातले लाउडस्पीकर बंद होतात. परीक्षा असतात म्हणून. तोवर सगळा हिवाळा प्रत्येक गल्लीत काही ना काही चालू असतं. कुठे गाण्याचा कार्यक्रम, कुठे रक्तदान शिबिर, कुठे चित्रकलेची स्पर्धा, आणि सगळ्याला कर्णे लागतात. मग एक दिवस ते खांबांवरून उतरतात आणि शहर एकदम कुजबुजत बोलायला लागतं. ऊन अजून मऊ असतं. भाजीवाले शेवग्याच्या फुलांचे ढीग मांडून बसतात. काटेसावरीची लाल, जाड फुलं फुटपाथवर धप्पकन पडतात, आणि त्या आवाजाने सुद्धा माणूस दचकून वर बघतो. दहावी-बारावीची मुलं असलेल्या घरांत आया हळू बोलतात, पावलं न वाजवता चालतात. अकरा-बारा वर्षांपूर्वी मीही तशीच चालत असे. फरक एवढाच, की मी कान देऊन चालत असे.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत माझी पुन्हा इथेच बदली झाली. पुन्हा डमडमलाच घर घेतलं. परवा मेट्रो स्टेशनच्या जिन्यावर एक मुलगी वही छातीशी धरून ओठ हलवत उतरत होती, आणि तिच्या दोन पायऱ्या मागे तिची आई. आईच्या हातात पाण्याची बाटली आणि नजर मुलीच्या पाठीवर. त्या नजरेत काळजी होती, पण तेवढीच नव्हती. मला ती नजर आतून ठाऊक आहे. मी जिन्यावर बाजूला उभी राहिले आणि दोघींना पुढे जाऊ दिलं.

माझं कामच संशयाचं. कोर्टात, कार्यालयांत ज्या कागदांवरून वाद होतात, ते आमच्याकडे तपासायला येतात. मृत्युपत्रावरची सही त्या माणसाचीच आहे का, पत्रातली तारीख नंतर घातली आहे का, हे भिंगाखाली बघून सांगायचं. खरी सही करताना माणूस विचार करत नाही, हात वाहत जातो. खोटी करणारा मात्र चित्र काढल्यासारखा हळू जातो, मध्ये थबकतो, आणि जिथे थबकतो तिथे शाईचा बारीकसा ठिपका पडतो. अशा ठिपक्यांवर मी माझी उमेदीची वर्षं घालवली. नवीन माणसाला कामावर घेतलं की आमचे वरिष्ठ एकच गोष्ट शिकवत. आधी माणसाला विचारू नका, आधी कागद बघा. माणूस काहीही सांगेल.

त्या वर्षी घरात आम्ही दोघीच होतो, मी आणि माझी मुलगी गार्गी. माझा नवरा सुहास नागपूरला नोकरीत होता, दोन महिन्यांतून एकदा यायचा. गार्गीने नववीत इथल्या शाळेत नाव घातलं. तिच्या नावामुळे सगळ्यांना ती बंगालीच वाटे. वर्गात मुली भराभर तिच्याशी बांगला बोलायला लागत, ती हिंदीत उत्तर देई, आणि मग त्या मुलींच्या चेहऱ्यावर एक सभ्य हसू येऊन गप्पा थांबत. हे तिने मला एकदाच सांगितलं होतं, पोळी लाटताना, पाठमोरी. मी म्हणाले होते की शिकशील हळूहळू. तेवढ्यावर मी तो विषय संपवला होता.

तिच्याकडे खेळाचं एक यंत्र होतं. दोन पडद्यांचं, पावडरच्या डबीसारखं मिटणारं, ओंजळीत मावणारं. माझ्या भावाने परदेशातून आणलेलं. तिचा आवडता खेळ एकच. त्यात वेगवेगळ्या खेळांतली माणसं एकत्र आलेली होती. एका खेळातला तलवारवाला, दुसऱ्यातली बंदूक चालवणारी पोलीस बाई, तिसऱ्यातली शाळकरी मुलगी, चौथ्यातला कुणी लोखंडी माणूस. प्रत्येकाचं आपलं जग होतं, आपले नियम होते, आणि कुठल्याशा फटीतून पडून सगळे एका अनोळखी शहरात येऊन पोचलेले. लढायचं ते जोडीनेच, एकट्याला पुढे जाताच येत नसे. मटार सोलता सोलता ती हे सगळं मला सांगायची आणि मी अर्धं ऐकायची.

"पहिल्या भागांमध्ये ना, ते एकमेकांशीच लढतात," ती म्हणाली होती. "समोरचा शत्रू नाही, हे कुणालाच माहीत नसतं."

"मग कळतं कसं?"

"लढून झाल्यावर बोलतात."

मी हसले होते. म्हटलं, विचित्रच लोक आहेत.

दहावीच्या त्या हिवाळ्यात मी यंत्रावर बंदी घालायचं बोलले, तर गार्गी भांडली नाही. म्हणाली, खेळत नाही, फक्त दप्तरात ठेवते. मला हे पटेना. खेळायचं नाही तर वाहून कशाला न्यायचं? सरस्वती पूजेच्या दिवशी सगळ्या मुली पिवळ्या साड्या नेसून रस्ताभर हसत हिंडत होत्या. इथे मुलं पूजा होईपर्यंत बोरं खात नाहीत, आणि मग त्या दिवशी नुसती बोरं. गार्गीही माझी पिवळी साडी नेसून शाळेत गेली. साडीबरोबर खांद्याला छोटी पिशवी होती, आणि पिशवीत ते यंत्र. ती परतली तेव्हा चेहऱ्यावर असा उजेड होता की कुणालाही बरं वाटलं असतं. मी मात्र मनात म्हणाले, हा उजेड कुठून आला?

पुढच्या रविवारी ती डोक्यावरून न्हायला गेली तेव्हा मी दप्तर उघडलं.

यंत्र उघडायला मला जमलं. त्यात एक वही होती, म्हणजे कुठला खेळ किती वेळ खेळला याची नोंद. गार्गी खरं बोलत होती. तीन आठवड्यांत खेळ जेमतेम दहा-दहा मिनिटं उघडलेला. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण माझा हात पुढे गेला. त्या यंत्राची गंमत अशी, की मिटलेलं असलं तरी ते आतून जागं असतं. बाळगणाऱ्याची पावलं मोजतं. त्या नोंदीत मंगळवार, गुरुवार आणि शनिवार हे तीन दिवस उंच खांबांसारखे उभे होते. संध्याकाळी पाच ते सात, हजारो पावलं. त्याच वेळी तिची श्यामबाजारला गणिताची शिकवणी असे. शिकवणीत मुलं सतरंजीवर बसतात, चालत नाहीत.

आणखी एक होतं. तसलंच दुसरं यंत्र जवळून गेलं तर दोन्ही यंत्रं आपसांत निरोप देतात, कोपऱ्यातला दिवा हिरवा लुकलुकतो, आणि भेटलेल्या माणसाचं नाव, चेहऱ्याचं चित्र आणि त्याने लिहिलेली एक ओळ आपल्याकडे राहते. गार्गीच्या यंत्रात एवढ्या मोठ्या शहरातून एकच माणूस येऊन राहिला होता. नाव, कॅप्टन. चित्रात टोपी, गोल चष्मा. भेटी चौदा. खाली इंग्रजी अक्षरांत बांगला ओळ, आबार देखा होबे. पुन्हा भेट होईल.

न्हाणीघरात बादलीत पाणी पडत होतं. मी यंत्र जसं होतं तसं ठेवलं, दप्तराची चेन होती तेवढीच उघडी सोडली. हेही कामामुळेच अंगवळणी पडलेलं. त्या दिवशी जेवताना मी तिच्या ताटात जास्तीचा भात वाढला आणि काही विचारलं नाही.

सोमवारी ऑफिसातून मी शिकवणीच्या सरांना फोन केला. ते मृदू आवाजाचे गृहस्थ होते. त्यांनीच उलट गार्गीच्या तब्येतीची चौकशी केली. तुमच्या पत्राप्रमाणे मी तिला अर्ध्या तासाने सोडतो, म्हणाले. डोकं दुखतं ना तिचं. मी म्हटलं हो, आणि संध्याकाळी जाऊन ते पत्र बघायला मागितलं. चार ओळी होत्या, स्वच्छ इंग्रजीत, आणि खाली माझी सही.

मी तो कागद उजेडाकडे धरला. सही चांगली होती. आडनावाच्या शेवटची वेलांटी मी ज्या घाईने ओढते ती घाई सुद्धा तिने उचलली होती. फक्त मधल्या एका अक्षरावर हात थबकलेला, आणि तिथे तो ठिपका. खरं सांगायचं तर, तिने किती वेळा सराव केला असेल असं एक नकोसं कौतुकही मनात येऊन गेलं.  सरांकडून मी तो कागद मागून घेतला.

सुहासला फोनवर सगळं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, तिला विचार. मी म्हटलं, परीक्षा तोंडावर आहे, विचारलं तर ती बिथरेल, आणि दुसरं म्हणजे ती सावध होईल. तो म्हणाला, ती आपली मुलगी आहे, आरोपी नाही. मी चिडले. तू लांब आहेस, तुला काय होतंय बोलायला, असं काहीतरी बोलून फोन ठेवला. आज मी त्याच्या जागी असते तर हेच सांगितलं असतं का, मला माहीत नाही. वर्तमानपत्रांत तेव्हा रोज काहीतरी छापून येत होतं. अमुक मुलीची अनोळखी माणसाशी ओळख झाली, मग तो भेटायला बोलावू लागला. चौदा भेटी. पुन्हा भेट होईल. माझ्या डोळ्यांसमोर कॅप्टन उभा राहिला होता, चाळिशीचा, गोल चष्म्याचा, शांत बोलणारा. रस्त्यात तसा माणूस दिसला की मी वळून बघू लागले. बँकेतला कारकून, औषधाच्या दुकानातला माणूस, समोरच्या इमारतीत नव्याने राहायला आलेले गृहस्थ. सगळे मला कॅप्टन वाटत.

शनिवारी मी अर्धी रजा घेतली आणि श्यामबाजारच्या पाच रस्त्यांच्या चौकाजवळ एका मिठाईच्या दुकानात जाऊन उभी राहिले. समोरच सरांचं घर. हिवाळा संपत आलेला, नव्या गुळाचे संदेश आता शेवटचेच, असं दुकानदार प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होता. साडेपाचला गार्गी बाहेर आली. डोकं दुखणाऱ्या मुलीसारखी ती अजिबात चालत नव्हती. ती बागबाजारच्या दिशेने निघाली, मी अंतर ठेवून मागे. जुनी घरं, हिरव्या झडपांच्या खिडक्या, दारापुढच्या ओट्यांवर बसलेले म्हातारे, दूर नदीकडून येणारा ओलसर वास. एरवी या गल्ल्या मला आवडल्या असत्या. त्या दिवशी मी फक्त वळणं मोजत होते.

एका ओट्यापाशी ती थांबली. दप्तरातून यंत्र काढून बघितलं आणि एकटीच हसली. तेवढ्यात समोरच्या घरातून एक बाई बाहेर आली. माझ्याच वयाची असेल. फिक्या रंगाची सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. गार्गी धावत तिच्याकडे गेली, रोजच्या सवयीने. त्या बाईने पिशवीतून तसलंच यंत्र काढलं. दोघी डोकं जोडून बघू लागल्या.

मला वाटलं, ही त्याची माणूस. त्याने पाठवलेली. मुलींना फूस लावायला बायकाच पाठवतात, हे मी शंभरदा वाचलं होतं.

मी रस्ता ओलांडला. "कॅप्टन कोण आहे?" मी हिंदीत विचारलं.

गार्गी पांढरीफटक पडली. त्या बाईने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "माझी मुलगी," ती म्हणाली.

मी म्हटलं, खोटं आहे. मग मी जे केलं ते सांगायला अजून जड जातं. मी तिच्या खांद्यावरची पिशवी ओढून घेतली आणि ओट्यावर उपडी केली. गाण्याच्या दोन वह्या, छत्री, खोकल्याच्या गोळ्या, रुमालात बांधलेला डबा. गार्गी माझा हात धरून आई, आई म्हणत होती. ओट्यांवरचे म्हातारे उठले, चहाच्या टपरीवरची माणसं आली. काय झालं, काय झालं. मी मोठ्याने बोलत होते, ही बाई माझ्या मुलीला रोज भेटते, मला कळू न देता. गर्दीतून कुणीतरी एक शब्द उच्चारला, छेलेधरा. मुलं पळवणारी. तो शब्द या शहरात कुणाच्या जिवावरही बेतू शकतो, हे मला माहीत होतं. मी तो उच्चारला नव्हता. पण मी तो खोडलाही नाही. दोन-तीन क्षण मी तो हवेत राहू दिला, कारण तेवढ्यापुरती गर्दी माझ्या बाजूची होती.

समोरच्या घरातले एक वृद्ध गृहस्थ खाली आले म्हणून पुढचं टळलं. ते म्हणाले, या शिप्रा दीदिमणी आहेत, माझ्या नातीला गाणं शिकवतात, आत्ता आमच्याकडूनच निघाल्या. गर्दी सैल झाली. शिप्रा वाकून एकेक वस्तू पिशवीत भरत होती.  मी तिला पत्ता विचारला, तिने सांगितला. मी म्हटलं, मी खात्री करून घेईन. हे मी खरोखर म्हटलं.

मेट्रोत गार्गी माझ्यापासून दोन माणसं सोडून उभी राहिली. घरी आल्यावर तिने सगळं सांगितलं, एका दमात, भिंतीकडे बघत. नोव्हेंबरात एकदा श्यामबाजारच्या फलाटावर तिच्या यंत्राचा दिवा हिरवा लुकलुकला होता. या शहरात पहिल्यांदाच. गुरुवारी पुन्हा, त्याच वेळी, त्याच जागी. मग तिने आजूबाजूच्या लोकांकडे बघायला सुरुवात केली आणि तिसऱ्या आठवड्यात तिला ती पिशवी सापडली. यंत्र शिप्राच्या मुलीचं होतं. मिष्टू, बारा वर्षांची. पाठीच्या कण्याचं ऑपरेशन झालेलं, कित्येक महिने अंथरुणावर. ती स्वतः बाहेर पडू शकत नाही, म्हणून तिची आई शिकवण्यांना जाताना यंत्र पिशवीत टाकून शहरभर फिरवायची, कुणी भेटतंय का बघायला. भेटली ती एक गार्गी. मिष्टूही तोच खेळ खेळायची. गार्गीने आपली जी जोडी पुढे ठेवली असेल ती भेटीबरोबर मिष्टूच्या खेळात जाऊन तिच्या बाजूने लढायची. म्हणून गार्गी दर वेळी नवी जोडी निवडून नेई. तलवारवाला आणि शाळकरी मुलगी, लोखंडी माणूस आणि पोलीस बाई. आणि मग एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंत ती शिप्राबरोबर चालायची. शिप्रा तिच्याशी हळूहळू, सोप्या शब्दांत बांगला बोलायची.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तू पुरावा मागितला असतास."

मी सहीचा विषय काढला. सही खोटी होती, ते पत्र खोटं होतं, शिकवणी बुडत होती, हे सगळं खरंच होतं, आणि मी ते तिला मुद्देसूद सांगितलं. ती म्हणाली, हो, ते माझं चुकलं. मग म्हणाली, "पण आई, तू तिची पिशवी उपडी केलीस."

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी त्याच गल्लीतल्या शिप्राच्या घरी गेले. माफी मागायला गेले असं मी गार्गीला सांगितलं, स्वतःलाही. पण जिना चढताना मी दारावरची पाटी वाचत होते, पत्त्यातला घराचा नंबर ताडून बघत होते. शिप्राने दार उघडलं. आश्चर्य दाखवलं नाही. आत एकच मोठी खोली, खिडकीशी पलंग, आणि पलंगावर पाठीला पट्टा बांधलेली एक बारीक मुलगी, गोल चष्मा लावलेली. टोपी खुंटीला होती, कुणाची तरी जुनी, खलाशासारखी. मिष्टूने मला पाहून विचारलं, "काकिमा, गार्गीदीने आज कुठली जोडी दिली?"

 शिप्राने खुर्ची दिली, चहा ठेवायला आत गेली. आणि तेवढ्या वेळात मी काय केलं? टेबलावर दवाखान्याचा मोठा पिवळा लखोटा होता, एक्स-रेचा. मी मान तिरकी करून त्यावरचं नाव आणि वय वाचलं. नाव जुळत होतं. वयही जुळत होतं. मी मान सरळ केली तेव्हा मिष्टू माझ्याकडेच बघत होती. बारा वर्षांच्या मुलीला कळावं तेवढं सगळं तिला कळलं होतं. ती चष्मा काढून पांघरुणाला पुसू लागली. माझ्या उभ्या आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नाही, आदल्या दिवशीच्या गर्दीतसुद्धा नाही.

शिप्राची मी माफी मागितली. तिने ती ऐकून घेतली. तुम्ही आई आहात, वगैरे काही म्हणाली नाही. ती म्हणाली की त्या वृद्ध गृहस्थांच्या घरून सकाळीच निरोप आला, परीक्षेपर्यंत गाणं बंद ठेवू. शेजारच्या घरानेही तसंच कळवलं. दोन्ही घरांतल्या मुली तिसरीत आणि पाचवीत होत्या, दहावीची परीक्षा कुणाचीच नव्हती. "आता तुम्ही पाहिलंत," ती म्हणाली. "गार्गीला इकडे पाठवू नका. लोक पुन्हा काही बोलतील, आणि मला या गल्लीतच राहायचं आहे."

मी त्या दोन्ही घरी गेले. सगळा गैरसमज माझा होता, असं हात जोडून सांगितलं. शेजारच्या घरातल्या सूनबाईंनी पुढच्याच आठवड्यात शिकवणी सुरू केली. वृद्ध गृहस्थांच्या पत्नीने मला संदेश खायला दिला, माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकलं आणि मग अगदी प्रेमाने म्हणाली, तुमच्यासारखी शिकलेली बाई उगीच कुणाची पिशवी कशाला उघडेल? काहीतरी दिसलं असेल म्हणूनच ना? मी पुन्हा पुन्हा सांगत राहिले, काही नव्हतं, काहीच नव्हतं. ती मान हलवत राहिली. माझ्याच तोंडचा संशय आता तिच्या तोंडी होता आणि तो मला परत घेता येत नव्हता.

मार्च उजाडला. परीक्षेच्या दिवसांत शहर आणखी शांत झालं, दुपारी फक्त कोकिळा आणि लांबून सियालदहकडे जाणाऱ्या गाडीचा आवाज. गार्गी अभ्यास करायची, जेवायची, वेळेवर झोपायची. आता तिने एक नवीनच सुरू केलं होतं. बाहेरून आली की मी न विचारता हिशेब द्यायची. साडेचारला निघाले, चार पन्नासला श्यामबाजार, सात वाजता सरांकडून सुटले. आवाजात राग नाही, काही नाही. मी म्हणे, अगं असू दे, मी कुठे विचारलं? तरी ती सांगायचीच. पहिल्या पेपरच्या आधीच्या मंगळवारी म्हणाली, "सात वीस ते साडेसात बागबाजारला, मिष्टूच्या खिडकीखाली. वर गेले नाही. दिवा हिरवा झाल्यावर निघाले." मी वर्तमानपत्रात डोकं घातलं. अक्षरं दिसत नव्हती.

ती खिडकीखाली परीक्षा संपेपर्यंत जात होती, आणि नंतरही, आमची बदली होईपर्यंत. यंत्रातल्या त्या निरोपांची सोय पुढे कधीतरी बंदच झाली म्हणे. गार्गीला दहावीत चांगले गुण मिळाले. शिकवणी बुडवूनही गणितात सगळ्यांत जास्त. पुढे ती पुण्यात शिकली, तिथेच नोकरीला लागली. आमचं नातं तुटलं वगैरे नाही. ती दर रविवारी फोन करते, आजारपणात धावत येते, माझ्यासाठी साड्या निवडते. फक्त तिच्या आयुष्यातल्या गोष्टी मला घडून गेल्यावर, पूर्ण झाल्यावर कळतात, एखाद्या कार्यालयाला प्रत पाठवावी तशा.

आणि तरीही, कधीकधी एकटी असताना मी स्वतःशी भांडते. माझा संशय सगळाच चुकीचा नव्हता. सही खोटी होतीच. कॅप्टन नावाचा कुणी खराही असू शकला असता. दुसऱ्या कुणाच्या मुलीच्या बाबतीत असेलही. मी मागे गेले नसते आणि तो खरा निघाला असता, तर? या प्रश्नाला उत्तर नाही, आणि मला त्याचा आधार वाटतो म्हणून मी तो पुन्हा पुन्हा विचारते, हेही मला कळतं.

इथे परत आल्यावर सहा महिने मी बागबाजारकडे फिरकले नाही. मागच्या शनिवारी गेले. गल्ली तीच आहे. एक-दोन घरं पाडून तिथे मजले उठलेत. मिष्टूच्या खिडकीत दुसऱ्याच कुणाचे कपडे वाळत होते. खालच्या इस्त्रीवाल्याला विचारावं असं मनात आलं. कुठे गेल्या, कधी गेल्या, मुलगी चालायला लागली का. मग गल्लीत उभं राहून या बाईबद्दल आपण पुन्हा चौकशी करतोय, हे लक्षात आलं आणि पाय मागे फिरले.

रविवारी गार्गीचा फोन आला तेव्हा मी सांगितलं, बागबाजारला जाऊन आले, त्या लोकांनी घर सोडलेलं दिसतं. ती म्हणाली, हो, बरीच वर्षं झाली. इतक्या सहज म्हणाली की मला समजायला क्षणभर लागला. म्हणजे तिला माहीत होतं. म्हणजे इतकी वर्षं ती आणि मिष्टू एकमेकींच्या संपर्कात होत्या.

"बरी आहे का गं ती?" मी विचारलं.

"बरी आहे. चालते. चांगली चालते."

"कुठे असते आता?"



"आई, ते मी तुला सांगणार नाही," गार्गी म्हणाली.

तिचा आवाज मऊ होता. लहान मुलाच्या हातून कात्री काढून घ्यावी, तसा. माझ्या डोक्यात नेहमीप्रमाणे भराभर प्रश्न उभे राहिले. पुण्यात असेल का, हिच्याच घरी येत-जात असेल का, शिप्रा बरोबर असेल का. एकेक करून मी ते बसू दिले.

"बरं," मी म्हणाले.

मग तिने विचारलं की तिकडे शेवग्याची फुलं आली का बाजारात. मी म्हटलं, आली, कालच आणली, थोडं बेसन लावून परतली. पण ती एकदा उकळून पाणी टाकून द्यावं लागतं, नाहीतर कडू लागतात. ती म्हणाली, माहीत आहे मला. कुणी शिकवलं, हे मी विचारलं नाही.